क्षयरोग, कायदा आणि वेगळी वस्ती

(वस्तीतील वाचनालयात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



वकिलाने बोलावयाचे म्हणजे राज्यघटनेवर किंवा एखाद्या गाजलेल्या खटल्यावर बोलावे, अशी श्रोत्यांची अपेक्षा असते. मी आज एका रोगाविषयी बोलणार आहे. त्याचे कारण माझ्या कचेरीत घडलेला एक प्रसंग आहे, तो प्रथम सांगतो.

दोन वर्षांपूर्वी एक बाई माझ्याकडे एक नोटीस घेऊन आल्या. त्यांच्या यजमानांना क्षय झाला होता. सरकारी दवाखान्याचे औषध चालू होऊन तीन महिने झाले होते आणि थुंकीत आता जंतू नाहीत, असा डॉक्टरांचा दाखलाही त्यांच्यापाशी होता. तरीसुद्धा खोलीच्या मालकाने वकिलामार्फत कळविले होते की, आपल्या घरातील रोगामुळे शेजारच्या भाडेकरूंना उपद्रव होतो, सबब एक महिन्याच्या आत खोली खाली करावी. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ याच्या सोळाव्या कलमात मालकास ताबा मिळण्याची जी कारणे दिली आहेत, त्यांत आजार हे कारण नाही. शेजाऱ्यांना उपद्रव होईल असे वर्तन, हे कारण मात्र आहे, आणि नोटिशीत त्याचाच आधार घेतलेला होता. आजार म्हणजे वर्तन नव्हे, असे मी उत्तर पाठविले. दावा दाखल झाला नाही. परंतु पुढे दोन महिन्यांनी त्या बाईंनी आपण होऊनच खोली सोडली. नळावर त्यांचा हंडा बाजूला सारला जात होता आणि त्यांच्या मुलाला कोणी खेळायला घेत नव्हते. जाताना त्या मला म्हणाल्या, “साहेब, कायद्याने खोली राहिली, पण शेजार राहिला नाही.”

हे वाक्य माझ्या मनातून जाईना. रोगाचे नाव पुढे करून माणसाला दूर सारण्याची युक्ती कोठून आली, आणि कायद्याने तिला केव्हा साथ दिली व केव्हा अटकाव केला, हे शोधू लागलो. तेव्हा माझ्यापुढे अमेरिकेतील काही शहरांचा, विशेषतः बाल्टिमोर या शहराचा इतिहास आला. तो आपल्या समाजाने ऐकण्यासारखा आहे.

प्रथम रोगाची हकिकत थोडक्यात सांगतो. सन १८८२ च्या मार्च महिन्यात बर्लिन येथे रॉबर्ट कॉख यांनी क्षयाचा जंतू जगास दाखवून दिला. तोपर्यंत क्षय हा काही घराण्यांच्या रक्तातच असतो, तो बापाकडून मुलाकडे येतो, अशी समजूत युरोप-अमेरिकेत रूढ होती. जंतू सापडल्यावर हे स्पष्ट झाले की, हा रोग रक्तातून येत नाही. रोगी खोकतो, थुंकतो, त्यातून तो दुसऱ्याच्या छातीत जातो. जेथे हवा खेळत नाही, उजेड येत नाही, एका खोलीत सहा-सहा माणसे निजतात आणि पोटाला पुरेसे मिळत नाही, तेथे तो फोफावतो. परंतु औषध सापडले नव्हते. स्ट्रेप्टोमायसिन १९४० नंतरच्या दशकात आले आणि आयसोनियाझिड १९५२ साली. म्हणजे सुमारे साठ-सत्तर वर्षे अशी गेली की, रोग कसा पसरतो हे ठाऊक होते, पण तो बरा कसा करावा हे ठाऊक नव्हते. या काळात जे काही करावयाचे होते ते डॉक्टरांपेक्षा नगरपालिकांनी आणि कायद्यानेच करावयाचे होते. म्हणूनच हा विषय वकिलाचाही आहे.

या कामी न्यूयॉर्क शहर अग्रेसर होते. तेथील आरोग्यखात्यातील डॉ. हर्मन बिग्ज यांनी क्षयाच्या रोग्यांची नोंद करण्यास आरंभ केला. प्रथम रुग्णालये व संस्था यांना आणि १८९७ पासून खासगी डॉक्टरांनाही प्रत्येक रोग्याची खबर खात्यास देणे सक्तीचे झाले. डॉक्टरमंडळी खवळली. रोग्याचे गुपित फुटेल, त्याची नोकरी जाईल, विमा जाईल, असे त्यांचे म्हणणे होते, आणि ते अगदीच खोटे नव्हते. बिग्ज यांनी थुंकीची तपासणी फुकट करून देण्याची सोय केली आणि विरोध हळूहळू ओसरला. रस्त्यात व गाडीत थुंकण्यास १८९६ साली बंदी झाली. जे रोगी ऐकत नाहीत त्यांना नॉर्थ ब्रदर नावाच्या बेटावरील रुग्णालयात इच्छेविरुद्धही ठेवण्याची व्यवस्था १९०३ च्या सुमारास झाली. आपले सरकार लोकशाहीचे असले तरी आरोग्याचे उपाय कधीकधी हुकूमशाहीचे असतात, हे बिग्ज यांनी परदेशी डॉक्टरांच्या सभेत उघडपणे सांगितले होते.

परंतु या हुकूमशाहीचा चाबूक सर्वांच्या पाठीवर सारखा पडत नव्हता. खासगी डॉक्टराने आपण रोग्यास सर्व समज देऊ असे लिहून दिले की खात्याचा निरीक्षक त्या रोग्याच्या घरी जात नसे. म्हणजे ज्याला खासगी डॉक्टर परवडतो त्याचे दार बंद राहिले, आणि ज्याला परवडत नाही त्याचे दार उघडले गेले. बेटावर जबरदस्तीने गेले ते मुख्यतः गरीब आणि घरदार नसलेले लोक.

त्याच शहरात दुसऱ्या प्रकारचा एक कायदाही झाला. १९०१ च्या चाळविषयक कायद्याने नव्या इमारतीत प्रत्येक खोलीला उजेड व हवा असलीच पाहिजे असे ठरविले, आणि जुन्या इमारतींच्या मालकांनाही अंधाऱ्या खोल्यांत खिडक्या पाडण्यास व अंगणातील घाणेरडे संडास काढून घरात पाण्याचे संडास बांधण्यास भाग पाडले. केटी मोशेन नावाच्या एका घरमालकिणीने याविरुद्ध दाद मागितली. माझ्या मिळकतीवर मला नको असलेला खर्च लादण्याचा अधिकार सरकारला नाही, असा तिचा मुद्दा होता. न्यूयॉर्कच्या वरिष्ठ न्यायालयाने तो १९०४ साली फेटाळला आणि १९०६ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानेही तोच निर्णय कायम केला. भाडेकरूंच्या आरोग्यापुढे मालकाच्या मिळकतीचा हक्क मान तुकवतो, हे तत्त्व तेथे स्थापित झाले. हा निवाडा ध्यानात ठेवावा. पुढे त्याचे काम आहे.

आता बाल्टिमोरकडे वळू. मेरीलँड राज्यातील हे बंदराचे शहर. १९१० च्या शिरगणतीत त्याची लोकसंख्या साडेपाच लाखांवर होती आणि त्यांत सुमारे पंच्याऐंशी हजार कृष्णवर्णीय होते. गुलामगिरी संपून तेव्हा अर्धे शतकही झाले नव्हते. या शहरात जॉन्स हॉपकिन्स हे प्रख्यात विद्यापीठ व रुग्णालय होते. तेथील विख्यात वैद्य विल्यम ऑस्लर यांनी १९०० च्या आधीच आपल्या विद्यार्थिनींना रोग्यांच्या घरी पाठवून ते कोणत्या परिस्थितीत राहतात याची पाहणी सुरू केली होती. १९०२ साली राज्याने क्षयरोगाच्या चौकशीसाठी एक मंडळ नेमले. १९०४ च्या जानेवारीत त्या मंडळाने क्षयरोगाविषयी प्रदर्शन भरविले. अमेरिकेतील अशा प्रकारचे ते पहिलेच. त्याच वर्षी रोग्यांची नोंद ठेवण्याचा कायदा झाला. परिचारिका घरोघर जाऊ लागल्या, थुंकीसाठी कागदी पेले वाटू लागल्या, खिडकी उघडी ठेवा, वेगळे निजा, दूध-अंडी खा, असे सांगू लागल्या. १९१० मध्ये हे काम नगरपालिकेच्या आरोग्यखात्याने आपल्याकडे घेतले आणि एलेन ला मॉट या परिचारिकेला त्याचे प्रमुखपद दिले.

या स्त्रियांचे कष्ट खोटे नव्हते, हे मी मुद्दाम सांगतो. ज्या गल्लीत डॉक्टर जात नसे तेथे त्या जात होत्या. परंतु त्यांच्या उपदेशाला एक मर्यादा होती. ज्या घरात एकच खोली आहे, तेथे वेगळे निजावे कोठे? ज्या खोलीला खिडकीच नाही, तेथे उघडावे काय? ज्याची रोजची मजुरी गेली, त्याने अंडी आणावीत कशाने? ला मॉट बाईंना हा अनुभव वारंवार आला. त्यावरून त्यांनी जो निष्कर्ष काढला तो असा की, गरीब रोग्याला शिकवून उपयोग नाही, तो सूचना पाळूच शकत नाही. सबब त्याला समाजापासून दूर संस्थेत ठेवावे. आपले हे विचार त्यांनी पुढे १९१५ साली पुस्तकरूपाने मांडले. हे घर बदलले पाहिजे, असाही निष्कर्ष त्याच अनुभवातून निघू शकला असता. माणूस हलविणे घर बदलण्यापेक्षा स्वस्त पडते, हे खरे. पण स्वस्त म्हणजे न्याय्य नव्हे.

घर बदलण्याची गरज कोणालाच दिसत नव्हती असेही नाही. १९०७ साली जॅनेट केम्प या बाईंनी बाल्टिमोरमधील घरांची पाहणी करून अहवाल प्रसिद्ध केला. ड्रुइड हिल मार्गाच्या खालच्या अंगाला बिडल ॲली नावाची गल्ली होती. तेथे कृष्णवर्णीय लोक राहत, आणि क्षयाने मरणाऱ्यांची संख्या तेथे इतकी मोठी होती की त्या भागाला लोक ‘फुप्फुसाचा चौक’ म्हणू लागले. ओल धरलेल्या भिंती, अंधारी तळघरे, दाटीवाटी हे सर्व त्या अहवालात नमूद आहे. वास्तविक हा घरमालकाविरुद्धचा पुरावा होता. परंतु तो पुढे उलटा वापरला गेला, आणि आजच्या व्याख्यानाचे मर्म येथेच आहे.

तो उलटण्यास एक शास्त्रही हाताशी होते. फ्रेडरिक हॉफमन या विमा कंपनीच्या संख्याशास्त्रज्ञाने १८९६ साली एक ग्रंथ लिहून असे प्रतिपादन केले होते की, कृष्णवर्णीयांत क्षयाचे मरण जास्त आहे ते त्यांच्या वंशाच्या दुबळेपणामुळे. घर किंवा पगार सुधारून त्यात फरक पडणार नाही. कॉख यांनी ‘रक्तातला रोग’ ही समजूत मोडून चौदा वर्षे झाली होती. तीच समजूत आकड्यांचा पोशाख घालून परत आली. डब्ल्यू. ई. बी. द्यू बॉइस यांनी १९०६ साली ‘कृष्णवर्णीय अमेरिकनांचे आरोग्य व शरीरस्थिती’ या विषयावर ग्रंथ संपादित करून दाखवून दिले की, हा फरक वंशाचा नसून परिस्थितीचा आहे. हेच द्यू बॉइस होत, ज्यांना १९४६ साली बाबासाहेबांनी पत्र लिहून अस्पृश्यांच्या आणि अमेरिकेतील कृष्णवर्णीयांच्या स्थितीतील साम्याचा उल्लेख केला होता. दोघांनाही एकच प्रश्न सोडवावयाचा होता: समाजाने लादलेल्या हालअपेष्टांनाच समाज जेव्हा त्या माणसाचा जन्मगुण म्हणू लागतो, तेव्हा काय करावे?

आता १९१० साली काय झाले ते पाहा. डब्ल्यू. ॲशबी हॉकिन्स नावाचे एक कृष्णवर्णीय वकील बाल्टिमोरमध्ये होते. मेरीलँडच्या विधि महाविद्यालयातून केवळ वर्णामुळे त्यांना बाहेर काढण्यात आले होते. त्यांनी वॉशिंग्टनच्या हॉवर्ड विद्यापीठात जाऊन कायद्याचे शिक्षण पुरे केले. त्यांनी मॅकुलो मार्गावर गोऱ्यांच्या वस्तीत एक घर विकत घेतले आणि आपले भागीदार, येल विद्यापीठाचे विधिपदवीधर जॉर्ज मॅकमेकन यांना ते राहण्यास दिले. मॅकमेकन सहकुटुंब तेथे राहावयास येताच खिडक्यांवर दगड पडू लागले. आणि दगड मारणाऱ्यांना आवरण्याऐवजी नगरपालिकेने डिसेंबर १९१० मध्ये एक कायदा केला: ज्या चौकात गोऱ्यांची बहुसंख्या आहे तेथे काळ्याने राहावयास जाऊ नये आणि काळ्यांच्या चौकात गोऱ्याने. मोडणाऱ्यास दंड व तुरुंग. अमेरिकेतील या प्रकारचा हा पहिला नगर-कायदा. बाबासाहेब १९१३ ते १९१६ या काळात न्यूयॉर्कला कोलंबिया विद्यापीठात शिकत होते. तेव्हा रेल्वेने काही तासांच्या अंतरावर असलेल्या या शहरात वेगळ्या वस्तीचा कायदा नव्या स्वरूपात मंजूर झाला.

कायद्याच्या शीर्षकात शांतता आणि लोककल्याण हे शब्द होते. पण त्याच्या समर्थनार्थ जे बोलले गेले त्यात रोगाचा, विशेषतः क्षयाचा संसर्ग गोऱ्या वस्तीत येऊ नये, हे कारण ठळक होते. ‘फुप्फुसाचा चौक’ दाखवून सांगण्यात आले की, पाहा, हे लोक जेथे जातात तेथे रोग जातो. मॅकमेकन हे त्या अंधाऱ्या गल्लीतून उजेडाच्या घरात राहावयास निघालेल्या समाजाचे प्रतिनिधी होते. परिचारिका सांगत होती, मोकळ्या हवेत राहा. आणि तेच शहर कायद्याने सांगत होते, मोकळ्या हवेत तुला राहता येणार नाही.

हॉकिन्स यांनी न्यायालयात झुंज दिली. १९१३ साली मेरीलँडच्या वरिष्ठ न्यायालयाने तेव्हाचा कायदा रद्द ठरविला, कारण आधीपासून घर असलेल्या मालकाचाही हक्क तो हिरावून घेत होता. नगरपालिकेने ती फट बुजवून लगेच दुसरा कायदा केला. तोपर्यंत इतर शहरांनीही बाल्टिमोरचा कित्ता गिरविला होता. त्यांपैकी केंटकी राज्यातील लुईव्हिल शहराच्या कायद्यावरून उद्भवलेला ब्यूकॅनन विरुद्ध वॉर्ली हा खटला सर्वोच्च न्यायालयापुढे आला. बाल्टिमोरच्या लोकांच्या वतीने हॉकिन्स यांनीही त्यात लेखी म्हणणे सादर केले. ५ नोव्हेंबर १९१७ रोजी न्यायालयाने एकमताने असे कायदे घटनाबाह्य ठरविले. या निवाड्यातील एक निरीक्षण मला फार मोलाचे वाटते. लुईव्हिलच्या कायद्यात गोऱ्यांच्या घरी कृष्णवर्णीय नोकरांना मुभा होती, आणि ती न्यायालयाच्या नजरेतून सुटली नाही. क्षयाच्या युक्तिवादाची परीक्षा यावरूनच करावी. जी बाई तुमच्या स्वयंपाकघरात अन्न शिजविते आणि तुमच्या लेकराला मांडीवर घेते, तिच्यापासून रोगाचे भय नाही. तिचा नवरा शेजारी भाड्याने राहू लागला की मात्र भय! तेव्हा भय रोगाचे नव्हते, बरोबरीचे होते. सेवेसाठी चालतो, शेजारासाठी चालत नाही, हा न्याय आपल्यापैकी कोणाला समजावून सांगण्याची गरज नाही.

येथे वकील म्हणून एक गोष्ट कबूल केली पाहिजे. १९१७ चा निवाडा समतेच्या नव्हे, तर मुख्यतः मिळकतीच्या हक्कावर उभा होता: मालकाला आपले घर वाटेल त्याला विकण्याचा अधिकार आहे, एवढ्यावर. म्हणून कायदा गेला तरी खासगी करारांनी तीच भिंत उभी राहिली, आणि त्या करारांची अंमलबजावणी न्यायालयांनी करू नये असा निर्णय व्हायला १९४८ साल उजाडले. पण मोशेन खटला आणि हा खटला शेजारी ठेवले तर एक कसोटी हाती लागते. दोन्ही ठिकाणी सरकार आरोग्य वा लोककल्याण यांचे नाव घेत होते. पहिल्या कायद्याने मालकावर खर्च टाकला आणि भाडेकरूला संडास व हवा मिळाली. दुसऱ्याने गरिबावर बंधन टाकले आणि त्याला काहीच मिळाले नाही. आरोग्याच्या नावाने कायदा आला की विचारावे: त्याचे ओझे कोणावर आहे, आणि ज्याच्यावर आहे त्याला बदल्यात काय मिळते?

या कसोटीला मेरीलँड राज्य कसे उतरले, तेही सांगतो. क्षयरोग्यांसाठी राज्याचे आरोग्यधाम सॅबिलासव्हिल येथे १९०८ साली उघडले, ते गोऱ्यांसाठी. कृष्णवर्णीयांसाठी हेन्रीटन येथील आरोग्यधाम १९२२ च्या सुमारास सुरू झाले. ज्यांच्यात मरण अधिक, त्यांना खाट चौदा वर्षे उशिरा! ‘तुम्ही रोग पसरविता’ असे म्हणणारे राज्य ‘या, उपचार घ्या’ असे म्हणावयास इतका वेळ घेते, तेव्हा त्याच्या आरोग्यचिंतेवर किती विश्वास ठेवावा?

दुसरी बाजूही आहे, आणि ती उत्साह देणारी आहे. अटलांटा शहरात लुजिनिया बर्न्स होप यांच्या पुढाकाराने १९०८ साली शेजारसंघ स्थापन झाला. कृष्णवर्णीय स्त्रियांनी शहराचे विभाग पाडून घरोघर पाहणी केली, रोगी शोधले आणि नगरपालिकेकडे दिवे, पाणी, गटारे यांची मागणी केली. फिलाडेल्फियात क्षयरोगाच्या फिप्स संस्थेत कृष्णवर्णीय रोगी फारसे येत नसत. त्यांना दवाखान्याची आस्था नाही, असे म्हटले जाई. १९१४ साली एलिझाबेथ टायलर या कृष्णवर्णीय परिचारिकेची तेथे नेमणूक झाली, त्यामागोमाग कृष्णवर्णीय डॉक्टरही आले, आणि रोग्यांची संख्या भराभर वाढली. आस्था रोग्यांत कमी नव्हती; दवाखान्यात आपले माणूस नव्हते, एवढाच दोष होता.

बंधूंनो, हे सर्व परक्या देशातले व जुन्या काळातले म्हणून बाजूला ठेवता येणार नाही. आपल्या देशात क्षयरोग्याची खबर सरकारला देणे २०१२ पासून सर्व डॉक्टरांवर बंधनकारक आहे. नोंदीच्या बदल्यात मोफत औषध आणि २०१८ पासून आहारासाठी दरमहा ५०० रुपये मिळू लागले; नोव्हेंबर २०२४ पासून ती रक्कम १००० रुपये झाली. वरील कसोटीप्रमाणे हे योग्यच आहे; पण ते पैसे रोग्याच्या हाती वेळेवर पडतात की नाही, हे पाहणे आपल्या कार्यकर्त्यांचे काम आहे. झारखंडात झालेल्या आणि २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात रोग्याच्या कुटुंबाला पौष्टिक शिधा दिला असता त्या कुटुंबातील नवा क्षयरोग सुमारे चाळीस टक्क्यांनी कमी झाला. अन्न हा धर्मादाय नसून प्रतिबंधक उपाय आहे, हे आता सिद्ध झालेले आहे.

आणि रोग्याला दूर ठेवावे काय, या प्रश्नाचे उत्तर तर आपल्याच भूमीतून जगाला मिळाले आहे. मद्रास येथे १९५० नंतरच्या दशकात १९३ गरीब रोग्यांपैकी काहींना आरोग्यधामात आणि काहींना त्यांच्या दाटीवाटीच्या घरीच तीच औषधे देण्यात आली. १९५९ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाला: घरी राहिलेले रोगीही जवळजवळ तितकेच बरे झाले, आणि त्यांच्या घरच्यांना अधिक लागण झाली नाही. औषध नियमित चालू असलेल्या रोग्याला घराबाहेर काढण्यास विज्ञानाचा आधार उरलेला नाही. जो उरतो तो जुना विटाळ, नवे नाव घेतलेला.

माझ्या त्या पक्षकार बाईंचे यजमान पुढे पूर्ण बरे झाले. त्या आता दुसऱ्या वस्तीत राहतात आणि तेथे त्यांनी आजाराविषयी कोणाला सांगितलेले नाही. मला याचेच दुःख वाटते. जो रोग लपवावा लागतो तो बरा व्हायलाही उशीर लागतो, आणि तोवर तो शेजाऱ्याकडे जातो. बाल्टिमोरच्या गोऱ्यांनी आपल्या भोवती भिंत बांधली, पण तिच्या आड क्षय वाढत राहिला. खोली राखण्याचे काम वकील करील. शेजार राखण्याचे काम न्यायालयात होत नाही. ते नळावर होते, आणि ते तुम्हीआम्ही करावयाचे आहे. आपल्या वस्तीत कोणाला क्षय झाला असेल तर त्याचा हंडा बाजूला सारू नका. त्याला दवाखान्यापर्यंत सोबत करा आणि औषधाचे महिने त्याच्याबरोबर मोजा. अस्पृश्यता म्हणजे काय हे ज्यांनी भोगले आहे, त्यांच्या वस्तीत ती रोगाच्या वाटेने परत येऊ नये, एवढीच माझी विनंती आहे.

 जय भीम.